पोस्टरमध्ये गुंडाळलेल्या सहा काड्या

“ह्यात फक्त कागद ठेवायचा बरं का, पोरी. ओलं काही घालायचं नाही. एकदा आतून ओल धरली की वास जाता जात नाही.”

सेगुंदो रिफो आपल्या मुलीला हे बजावत होते, तेव्हा माझ्या अंगावरचा पांढरा भुसासुद्धा अजून पुसलेला नव्हता. मित्रांनो, मी एक जुने नळकांडे आहे. पोस्टर गुंडाळून नेण्याचे नळकांडे. सेगुंदो चियान शहरात घरोघरी नळ बसवायचे. एका कामातून उरलेला पाइप त्यांनी मीटरभर कापला, एका टोकाला झाकण कायमचे चिकटवले, दुसऱ्या टोकाला फिरकीचे झाकण बसवले आणि खांद्याला अडकवण्यासाठी जुन्या खोगिराचा चामडी पट्टा लावला.

“बाबा, दुकानात तयार मिळतात हो,” त्यांची मुलगी ओरियाना म्हणाली.

“मिळत असतील. ती गळतात की नाही, हे कुणी बघितलंय?”

आणि त्यांनी मला काठोकाठ पाण्याने भरून तासभर उलटे टांगून ठेवले. एक थेंबही गळला नाही. “बघ, ह्यातून काही बाहेर यायचं नाही,” असे म्हणत त्यांनी मला कोरडे पुसले. त्या शाबासकीने मी फुलून गेलो होतो. आज ती आठवली की मान खाली जाते.

ओरियाना विद्यापीठात द्राक्षवेलींचा अभ्यास करत होती. इताता नदीच्या काठच्या टेकड्यांवर वेली फार जुन्या आहेत. ना तारा, ना मांडव. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या त्या वाकून उभ्या असतात. तिथल्या एर्मेलिंदाआजींच्या मळ्यात ओरियाना मोजमापे घ्यायला जायची. आजी तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. सकाळी जपमाळ पूर्ण झाल्याशिवाय त्या चुलीवर किटली ठेवत नसत, आणि मोसमातला पहिला घड गावच्या देवळात ठेवल्याशिवाय द्राक्षाचा मणी तोंडात टाकत नसत. मळ्याच्या मधोमध एक जाडजूड वेल होता. त्याला त्या ‘थोरला’ म्हणायच्या. त्यांच्या पणजोबांच्याही आधीचा होता तो.

“मोज बाई, मोज,” आजी म्हणायच्या. “माझ्या आजोबांनी कधी मोजलं नाही, तरी द्राक्षं गोडच यायची.”

“आजी, गोडच का यायची, ते तर शोधतेय.”

“सापडलं की मला पण सांग. नाहीतर जगाला सांगत फिरशील, आणि माझ्या कानावर यायचं नाही.”

ओरियानाने ते मनावर घेतले. मोंतेविदेओ झाले, तारिहा झाले, ब्राझीलच्या दक्षिणेकडचे एक गाव झाले. जिथे द्राक्ष आणि वाइनच्या अभ्यासकांची परिषद, तिथे मी तिच्या खांद्यावर. परिषदेतून परतली की ती आधी आजींच्या स्वयंपाकघरात यायची. मेजावर पोस्टर पसरून चार कोपऱ्यांवर चार बटाटे ठेवायची, आणि आजी चष्मा पुसत म्हणायच्या, “हं, वाच आता.”

“माझं नाव कुठंय?”

“हे काय, इथे खाली.”

“एवढंसं?”

“आजी, तिथे सगळ्यांचंच एवढंसं असतं.”

“मग तुझं का बरं मोठं?” आजी म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या.

मित्रांनो, परिषदेतले पोस्टरांचे दालन तुम्ही पाहिले नसेल. शंभर माणसे समोरून जातात आणि त्यांतली नव्वद कॉफीच्या वासाने चाललेली असतात. पण उरलेली दहा थांबतात. उरुग्वेच्या एका बाईंनी थांबून सांगितले की, घडांजवळची सकाळच्या उन्हाकडची पाने काढली की कूज कमी होते. ओरियानाने ते आजींना सांगितले. पुढच्या पावसाळी वर्षी शेजारच्या मळ्यांत निम्मे घड कुजले, आजींचे वाचले. आजींची फांदी जमिनीत दाबून नवा वेल करण्याची रीतही माझ्याच पोटातून देशोदेशी गेली. एका जॉर्जियन गृहस्थांनी तर जमिनीवर बसून तिचे चित्र वहीत काढून घेतले. “एकाच्या टेकडीवरचं दुसऱ्याच्या टेकडीवर गेलं पाहिजे. नाहीतर शिकायचं कशाला?” ओरियाना म्हणायची. त्या दिवसांत मला वाटायचे, आपल्यासारखे भाग्यवान कोणी नाही.

अशाच एका परिषदेत आइराम भेटला. कॅनरी बेटांवरचा, ठेंगणा, सदा घाईत असलेला. जहाजांतून पूर्वी जी द्राक्षे आमच्याकडे आली, त्याच जातीच्या जुन्या वेलींचा त्याचा अभ्यास होता. दोघांचे आकडे वर्षानुवर्षे पत्रांतून इकडून तिकडे जात राहिले.

आजींना हे कळले तेव्हा त्या भाजी निवडता निवडता थांबल्या. “म्हणजे थोरल्याची बहीण तिकडे आहे म्हण की.”

“आहे.”

“बघायला मिळेल का गं?”

“नियमाने मागवता येते. सरकारी रोपघरात वेगळी ठेवून तपासतात. दोन-अडीच वर्षं जातात त्यात.”

“मग राहू दे. तोवर मी कुठली!”

आजी सहज बोलून गेल्या, पण ओरियानाच्या मनात ते घर करून राहिले.

त्या वर्षीची परिषद डोंगरापलीकडच्या देशात, मेंदोसाला होती. शेवटच्या दिवशी दालन रिकामे होत असताना आइरामने ओरियानाला कोपऱ्यात नेले आणि स्वतःच्या पेटीतून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुरचुंडी काढली.

“हे काय?”

“सहा काड्या. थोरल्याची बहीण.”

“आइराम, वेड लागलंय तुला?”

“अगं, हळू. फेब्रुवारीत कापल्या, तेव्हापासून शीतकपाटात होत्या. आजीबाईंसाठी आणल्यात. तूच लिहिलं होतंस ना?”

“तपासल्यास?”

“दिसायला एकदम निरोगी आहेत.”

दिसायला! तिच्यासारख्या शिकलेल्या बाईला त्या एका शब्दात सगळे कळायला हवे होते. कळले असावेही. मग तिने भिंतीवरचे पोस्टर उतरवले, काड्या त्यात ठेवून गुंडाळी केली आणि मला उघडले. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. ओली पुरचुंडी माझ्या पोटात सरकली आणि झाकण फिरले.

दुसऱ्या दिवशी बस डोंगरावरच्या सीमाचौकीला थांबली. सगळ्यांनी उतरायचे, सामान लांब मेजावर ठेवायचे, आणि कागदावर सही करायची की आपल्याजवळ फळ, बी, रोप, काडी काहीही नाही. ओरियानाने सही केली. तिचा पेन दोनदा अडला. तिच्या पुढे टोपी घातलेला एक म्हातारा होता. त्याच्या पिशवीपाशी चौकीचा हुंगणारा कुत्रा जाऊन बसला. आत एक सफरचंद निघाले.

“एका सफरचंदासाठी एवढं?” म्हातारा कुरकुरला. “वाटेत खायला दिलंय हो बायकोनं!”

“काका, सफरचंदाचं काही नाही. त्यातून एखादी अळी आली की मळे गेले आमचे,” अधिकारी शांतपणे म्हणाला.

सगळे हसले. ओरियानाही हसली.

“ह्यात काय?” अधिकाऱ्याने माझ्याकडे बोट केले.

“पोस्टर. परिषदेचं.”

त्याने झाकण उघडले. वर कागदाची गुंडाळी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘जुन्या वेलींचे आरोग्य’. “डॉक्टर का तुम्ही वेलींच्या? मग आमच्याच बाजूच्या!” असे म्हणून त्याने झाकण लावले. विश्वासाने लावले. तिथे एक पाण्याचा थेंब जरी माझ्या तोंडातून मेजावर पडला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. पण मी गळलो नाही. चांगल्या बांधणीचे नळकांडे ना मी!

काड्या नियमाने आल्या असे समजून आजींनी स्वतःच्या हातांनी ती कलमे केली. दोन थोरल्यावर, चार त्याच्या शेजारच्या वेलींवर. चार जगली. पहिले पान फुटले त्या दिवशी आजी घरातून धावत आल्या, वेलीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि ओरियानाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलंस गं.” ओरियानाने मान खाली घातली.

दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीतच, थोरल्याची पाने लाल झाली. शिरा हिरव्या, बाकी सगळे पान लालबुंद, आणि कडा खाली मुडपलेल्या.

“बघ, सणाला नटल्यासारखा दिसतोय,” आजी कौतुकाने म्हणाल्या. “पण यंदा मणी काही गोड होईनात. पाऊस कमी झाला म्हणून असेल का गं?”

“असेल,” ओरियाना म्हणाली.

तिने पाने खिशात घालून नेली आणि प्रयोगशाळेत तपासली. रोग काड्यांतूनच आला होता. त्यावर औषध नाही. पिठ्या ढेकूण नावाच्या पांढऱ्या किडीच्या पायांनी तो एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर चालत जातो. चौदा वेली आजारी निघाल्या. ओरियानाने तो कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावले.

उद्या सांगू, असे म्हणत जुलै उजाडला. जुलैत छाटणी असते. आजींच्या मदतीला टेकडीवरची माणसे आपापल्या कात्र्या घेऊन येतात आणि एका दिवसात मळा उरकतात. मजुरी कोणी घेत नाही. पोटभर जेवतात, आणि जाताना आजी प्रत्येकाला थोरल्याच्या ओळीतल्या काड्यांची एक मोळी बांधून देतात. आपल्या मळ्यात जिथे वेल मेला असेल, तिथे लावायला. जगातल्या परिषदा भरायच्या किती तरी आधीपासून त्या टेकडीवर हे देणेघेणे चालू होते.

त्या दिवशी सात जण आले होते. मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकत होतो. निबाल्दो नावाचा एक उंच, थट्टेखोर शेजारी ओरियानाला म्हणाला, “काय डॉक्टरीणबाई, आज मौन? बाहेरदेशी बोलून बोलून शब्द संपले वाटतं!”

“घसा बसलाय,” ओरियाना म्हणाली.

“मग आमच्याकडची लाल वाइन घ्या घोटभर. घसा सुटेल, नाहीतर निदान गाणं तरी सुटेल!”

सगळे हसले. आजींनी एकेक मोळी सुतळीने बांधली. एक, दोन, तीन... सात. ओरियाना समोर बसून बघत होती. बोलण्यासाठी तिने तोंड उघडले, आणि भोपळ्याच्या पुरीचा तुकडा आत घातला. सातही मोळ्या फाटकातून बाहेर गेल्या. त्या दिवशी मला प्रथमच वाटले की, आपण दोघेही सारखेच निघालो. आतले बाहेर येऊ द्यायचे नाही, एवढेच आम्हाला जमते.

त्यानंतर तिने मला कपाटावर टाकले. परिषदेची बोलावणी आली, ती गेली नाही. माझ्यावर धूळ साचली. ओल्या वर्तमानपत्राचा तपकिरी डाग माझ्या आत तसाच होता, आणि त्याचा कुबट वास दिवसेंदिवस वाढत होता. मला वाटायचे, तिने मला फेकून द्यावे. पण ती मला फेकतही नव्हती आणि उघडतही नव्हती. खोलीत आली की कपाटाकडे न बघता टेबलाशी जायची.

मग पुढच्या वर्षी एकदा आइरामचा फोन आला. त्याचा आवाज मोठा होता, मला वरपर्यंत ऐकू आला.

“ओरियाना, माझ्या मूळ वेलींत रोग निघाला. मी ज्यांना ज्यांना काड्या दिल्या, त्या सगळ्यांना फोन करतोय. अकरा जण आहेत. मोंतेविदेओच्या परिषदेत उभा राहून सांगणार आहे, माझी चूक झाली म्हणून. तुझ्या काड्यांचं काय झालं?”

ओरियानाने खणाच्या कुलपाकडे पाहिले. मग म्हणाली, “सुकल्या. एकही जगली नाही.”

“देवाची कृपा! निदान आजीबाईंचा मळा तरी वाचला,” आइराम म्हणाला, आणि त्याने सोडलेला सुस्कारा समुद्र ओलांडून त्या खोलीत आला.

फोन ठेवल्यावर ओरियाना जमिनीवर बसली. ती रडली नाही. तिने फक्त दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

तीन दिवसांनी आजींचा निरोप आला. “परवा छाटणी. यंदा बारा जण येतायत, मोळ्या जास्त लागणार. बऱ्याच दिवसांत पोस्टर वाचलं नाहीस, येताना घेऊन ये.”

त्याच सकाळी ओरियानाने मला खाली उतरवले. साबणाच्या पाण्याने आतून घासले आणि खिडकीतल्या उन्हात दिवसभर आडवे ठेवले. माझ्या आत इतके ऊन कधी आले नव्हते. संध्याकाळी तिने एक नवे पोस्टर छापून आणले. त्यावर लाल पानांची चित्रे होती, तारखा होत्या, आणि पहिल्याच ओळीत लिहिले होते: ‘सहा काड्या मी लपवून आणल्या.’ खाली आजींचे नाव नव्हते. एकटे तिचेच होते.

छाटणीच्या आदल्या दिवशी ती टेकडीवर गेली. आजी उद्याच्या पाहुण्यांसाठी भोपळ्याच्या पुऱ्यांचे पीठ मळत होत्या.

“आलीस? बस. हे पोस्टर मोठं दिसतंय. माझं नाव कुठंय?”

“नाहीये, आजी.”

“बरं झालं. कंटाळा आला होता मला बारीक अक्षरांचा,” आजी हसल्या. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचे हसू थांबले.

ओरियानाने सगळे सांगितले. मेंदोसातला कोपरा, सही, सफरचंदवाला म्हातारा, चौदा वेली. येताना शेती खात्याच्या कचेरीत लेखी कबुली देऊन आले, हेही सांगितले. आजींचे हात पिठात तसेच राहिले.

“थोरलासुद्धा?”

“हो.”

“काढावा लागेल?”

“हो. मुळासकट.”

आजी खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. चूल शांतपणे जळत होती. मग त्यांनी अगदी हळू विचारले, “तुला कधीपासून माहीत होतं?”

“दीड वर्षापासून.”

“म्हणजे निबाल्दो मोळी घेऊन गेला, तेव्हा?”

“माहीत होतं.”

“माझ्या हातानं बांधून दिली गं मी ती.”

“आजी, मी तुमच्यासाठीच आणल्या होत्या...”

“ते माझ्यावर घालू नकोस,” आजींचा आवाज चढला नाही, पण ओरियाना दचकली. “मी बघायला मागितली होती. चोरून आणायला सांगितलं नव्हतं. आणि चोरीचंही एक वेळ सोसलं असतं मी. वेल जुना होता, गेला म्हणून रडले असते. पण तू समोर बसून पुऱ्या खाल्ल्यास, ओरियाना.”

आजींनी हात धुतले, ॲप्रनला पुसले आणि खुर्चीत बसून जपमाळ हातात घेतली. मणी सरकले नाहीत, नुसते मुठीत राहिले. मग त्या म्हणाल्या, “उद्याची छाटणी होणार नाही. ते मी कळवते. पण त्या सात घरांत तू जायचंस. चिठ्ठी नाही, फोन नाही. तुझ्या तोंडानं सांगायचं, आणि ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. निबाल्दो वाईट बोलेल.”

“जाईन.”

“मग त्या बेटावरच्या मुलाला खरं सांग. आणि ते मोंतेविदेओ का काय, तिथेही उभी राहा त्याच्या शेजारी. जिथे शाबासकी घेतलीस, तिथे हेही सांगायचं.”

“वचन देते, आजी.”

“मला देऊ नकोस. मला अजून तुझा राग आलेला आहे. तो कधी जाईल, ते मलाही माहीत नाही.”

ओरियाना अंगणात आली आणि तिने आइरामला फोन लावला. “त्या सुकल्या नव्हत्या,” एवढेच मला ऐकू आले. मग तिने दोनदा ‘हो’ म्हटले आणि फोन ठेवला.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझा पट्टा विरला आहे, झाकणाचे आटे झिजले आहेत. मी स्वतःहून काही केले नाही, मला जे दिले ते मी धरून ठेवले, असे म्हणून मी किती दिवस स्वतःची समजूत घातली. पण आतले जपून ठेवणे हे माझे एकच काम, आणि त्याच कामाने चौदा वेली आणि सात मोळ्या गेल्या. तुम्ही मोठे व्हाल, दूरदेशी जाल, चांगल्या चांगल्या लोकांकडून चांगल्या गोष्टी आणाल. जरूर आणा. देणाऱ्याचे प्रेम खरे असले, तरी दिलेली वस्तू तपासून घ्या. कुणाच्या आनंदाची घाई झाली असली, तरी वाट बघा. आणि चुकलात, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. माझ्यासारख्या वस्तूंना बोलता येत नाही, म्हणून ते काम तुमच्यावर आहे. मला क्षमा करा असे मी म्हणणार नाही. तो अधिकार टेकडीवरच्या लोकांचा आहे.

दुपारचे दोन वाजले असतील. ओरियाना स्वयंपाकघराच्या दारात परत आली. आजी अजून खुर्चीतच होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. ओरियानाने पोस्टर गुंडाळून माझ्यात ठेवले, झाकण फिरवले आणि मला खांद्यावर घेतले. फाटक आवाज न करता लावून घेतले. टेकडीच्या वळणावर पहिले घर निबाल्दोचे. त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे तो घरीच होता. ती एकदा थांबली, पट्टा नीट केला, आणि चढ चढू लागली.